खिचडी कोणाच्या खात्यात?

गेल्या आठवड्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये डाळखिचडी होती. आमच्या टीममधल्या एकाने पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "अरे, ही तर झेडपीच्या शाळेतली खिचडी!" सगळे हसले. मीही हसलो. मग नेहमीप्रमाणे विषय वाढत गेला. टॅक्स आपण भरायचा, शाळेत धड शिक्षक नाहीत, आहेत ते तांदळाचा हिशोब लिहीत बसतात, शाळा म्हणजे काय अन्नछत्र आहे का, वगैरे वगैरे. बोलणारे सगळे चांगले मित्र आहेत, मनाने वाईट कोणीच नाही. पण त्या टेबलावर ती खिचडी खरोखर खाल्लेला मी एकटाच होतो, आणि नेमकं तेच सांगायला माझं तोंड उघडलं नाही. अठ्ठावीस वर्षांचा घोडा झालो, तरी! त्याची रुखरुख लागून राहिली, म्हणून हा शनिवार-रविवार वाचण्यात घालवला. जे हाती लागलं ते इथे उतरवून ठेवतोय. थोडं लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी माझी बाजू. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, दुष्काळी पट्ट्यातलं. मी २००३ च्या जूनमध्ये पहिलीत गेलो. पाऊस नव्हता, विहिरीला पाणी नव्हतं, वडील दुसऱ्यांच्या ट्रॅक्टरवर जात होते. शाळेच्या मागे तीन दगडांच्या चुलीवर मोठ्या पातेल्यात खिचडी शिजायची. तांदूळ, मूगडाळ नाहीतर मटकी, हळद, तिखट, मीठ. दुसऱ्या तासापासून धूर खिडकीतून वर्गात यायचा आणि मग पाढ्यांकडे कोणाचं लक्ष नसायचं. दप्तरात पाटीबरोबर जर्मनची ताटली असायची आणि चालताना दोन्ही एकमेकांवर आपटून वाजायच्या. तळाची खरवड कोणाला मिळणार यावर मारामाऱ्या व्हायच्या. हे सगळं लख्ख आठवतं.

पण एक गोष्ट मला कधीच कळली नव्हती. २००४ च्या मे महिन्यात शाळेला सुट्टी होती. पाटी नाही, हजेरी नाही, परिपाठ नाही. तरी आम्ही रोज ताटली घेऊन शाळेत जायचो, खिचडी खायचो आणि घरी यायचो. शाळा बंद आणि खिचडी चालू! असं का, हे तेव्हा विचारायचं सुचलं नाही. पोट भरत असताना असले प्रश्न पडत नाहीत.

आता मित्राच्या प्रश्नाकडे. तो कुत्सितपणे बोलला असला तरी प्रश्न अगदीच टाकाऊ नाही. शिक्षणासाठी ठेवलेला पैसा पोरांच्या पोटावर का खर्च करायचा? आपल्या भाषेत सांगायचं तर, हे तास टाइमशीटवर कोणत्या कोडला टाकायचे? वाचताना गंमत अशी कळली की हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, शंभर वर्षांपूर्वी विचारला गेला होता आणि त्यापायी एका शहरातल्या मुलांचं जेवण बंद पडलं होतं.

ते शहर म्हणजे मद्रास. चेन्नईला ऑनसाइट... सॉरी, चेन्नईला जाण्याला आमच्याकडे ऑनसाइट म्हणत नाहीत, शिक्षा म्हणतात :) मी तिथे चार महिने होतो. टी. नगरमध्ये आईसाठी साडीही घेतली. पण ते टी. नगर म्हणजे त्यागराय नगर, आणि हे त्यागराय कोण, याचा पत्ता नव्हता. पिट्टी त्यागराय चेट्टी हे जस्टिस पार्टीचे पुढारी आणि १९२० साली मद्रास कॉर्पोरेशनचे अध्यक्ष. थाउजंड लाइट्स भागात कॉर्पोरेशनची एक शाळा होती. तिथली मुलं गरीब, आणि गरिबीमुळे शाळेचा पट घसरतोय, असं त्यागरायांचं म्हणणं. मग सप्टेंबर १९२० मध्ये कॉर्पोरेशनने ठराव केला: या शाळेतल्या मुलांना रोज खाणं द्यायचं, खर्च माणशी दिवसाला एक आण्याच्या वर जाता कामा नये.

एक आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग. ठरावात भूतदया वगैरेची भाषा नाही, हे मला फार आवडलं. पोरं शाळेत येत नाहीत ही अडचण, भूक हे तिचं कारण आणि आण्याचं खाणं हा उपाय. बग, कारण, फिक्स. पुढे आणखी चार शाळांमध्ये हेच सुरू झालं. या शाळांचा मिळून पट १९२२-२३ मध्ये ८११ होता, तो १९२४-२५ मध्ये १,६७१ झाला. दोन वर्षांत दुपटीहून जास्त. एवढा स्वच्छ रिझल्ट आपल्याला एखाद्या रिलीजनंतर मिळाला असता तर आपण पार्टी मागितली असती.

मद्रासला काय मिळालं? ब्रिटिश सरकारने सांगितलं की प्राथमिक शिक्षण निधीतून जेवणाचा खर्च करता येणार नाही. १ एप्रिल १९२५ पासून योजना बंद. (एप्रिल फूल नव्हे, नवं आर्थिक वर्ष.) जेवण वाईट होतं असं कोणी म्हटलं नाही, उपयोग झाला नाही असंही नाही. खातं चुकलं, एवढंच. पुढे हजार गरीब मुलांपुरतं ते पुन्हा सुरू करण्यात आलं, पण दोन वर्षांत उघडलेलं दार अर्धं लोटलं गेलं ते गेलंच.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे, महाराष्ट्रात, शिकणाऱ्या पोराच्या भुकेचं काहीच नव्हतं का? होतं की. आजोबांच्या पिढीच्या आठवणी वाचा, पानोपानी भूक आहे. पुण्यात शिकायला आलेली गरीब ब्राह्मण मुलं माधुकरी मागायची, नाहीतर वार लावून जेवायची. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, आणि एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी पाणी पिऊन झोप. विद्यार्थ्याला जेवू घालणं हे शिक्षणाचाच भाग आहे, हे समाजाला नीट ठाऊक होतं. फक्त ते जातीच्या उंबऱ्याच्या आत ठाऊक होतं. बाकीच्यांच्या पोरांना वार लावायला घरंच नव्हती.

त्यावरचं आपलं उत्तर म्हणजे बोर्डिंग. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली, एका पंगतीला आणली. त्या बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही, हे आपण शाळेच्या भाषणात ऐकलेलं असतं. ऐकताना आपण हात जोडतो आणि पुढे जातो. जरा थांबून बघितलं तर ती बजेटची गोष्ट आहे. धान्याचा खर्च टाकायला कोणतंही खातं नव्हतं, म्हणून तो एका बाईच्या गळ्यावर पडला. शिवाय बोर्डिंगची मर्यादा उघड आहे. त्यात शेकडो पोरं मावतात. गावोगावची पहिलीतली लाखो पोरं मावत नाहीत, त्यांच्यासाठी जेवण त्यांच्याच शाळेत जावं लागतं.

ते राज्यभर नेलं पुन्हा मद्रासने. १९५४ मध्ये के. कामराज मुख्यमंत्री झाले. स्वतः लहानपणीच शाळा सुटलेले. त्यांच्या आधी राजाजींनी अशी योजना आणली होती की मुलांनी अर्धा दिवस शाळेत यावं आणि उरलेला वेळ घरचा धंदा शिकावा. कुंभाराच्या पोराने मडकी, न्हाव्याच्या पोराने वस्तरा. त्यावर रान पेटलं आणि कामराजांनी आल्या आल्या ती योजना गुंडाळली. पण पूर्ण दिवस शाळा म्हटलं की मधल्या सुट्टीत जेवायचं काय, हा प्रश्न आलाच. याबद्दल तिकडे एक गोष्ट सांगतात. रेल्वे फाटकापाशी कामराजांची गाडी थांबली, तिथे गुरं राखणारा पोरगा दिसला, शाळेत का जात नाहीस विचारल्यावर त्याने उलट विचारलं की शाळेत गेलो तर जेवायला कोण घालणार? गोष्ट जरा जास्तच जुळून आलेली वाटते, नेत्यांच्या गोष्टी तशा असतातच. पण त्यानंतरचं काम खरं आहे. त्यांचे शिक्षण संचालक ने. तु. सुंदरवडिवेलू यांनी गावोगावी लोकांना शाळेसाठी द्यायला लावलं. कोणी बाकं दिली, कोणी भांडी, कोणी तांदूळ. १९५६ मध्ये कवी भारतींच्या एट्टयपुरम गावी दुपारच्या जेवणाची सुरुवात झाली आणि मग सरकारने खर्चात आपला वाटा उचलला. म्हणजे सरकारने आधी खातं उघडून मग भात शिजवला नाही. आधी भात शिजला, मग खातं उघडावं लागलं.

१९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी ते प्रचंड मोठं केलं. १ जुलैला तिरुचिरापल्लीजवळ सुरुवात, आधी खेडी, सप्टेंबरात शहरं, १९८४ मध्ये पंधरा वर्षांपर्यंतची मुलं. अर्थतज्ज्ञांनी कपाळावर हात मारला. सिनेमातला नट, मतांसाठी भात वाटतोय, विकासाचा पैसा चुलीत घालतोय. एमजीआर यांनी स्वतः उपासमार भोगली होती. शेजारच्या बाईने पेज दिली म्हणून आम्ही जगलो, असं ते सांगत. मतांसाठी केलं असेलही, मला त्याचं वावडं नाही. मत मिळवायला पुतळा उभारण्यापेक्षा अंडं उकडणं केव्हाही बरं. (अंडं खरोखर आलं, १९८९ पासून, करुणानिधींच्या काळात. एकदा सुरू झालेलं कोणत्याच पक्षाला बंद करता आलं नाही, उलट प्रत्येकाने त्यात भर घातली. २०२२ मध्ये तिथे सरकारी प्राथमिक शाळांत सकाळचा नाश्ताही सुरू झाला.)

केंद्राला जाग आली १९९५ मध्ये. पण त्या वर्षीच्या योजनेत बहुतेक राज्यांनी शिजवण्याची कटकट टाळली आणि कोरडं धान्य वाटलं. आपल्याकडेही तसंच, ऐंशी टक्के हजेरी असेल तर महिन्याला तीन किलो तांदूळ घरी. माझ्या चुलतभावाने तो तांदूळ आणलाय. तीन किलो तांदूळ घरी गेला की तो पोराचा राहत नाही, घराचा होतो. पाचसहा माणसांच्या घरात तो चार दिवसांत संपतो, आणि पोरगं दुपारी शाळेत उपाशीच. हजेरीचं म्हणाल तर गुरुजी भले होते, सगळ्यांची ऐंशी टक्के भरायची! शिजवलेल्या अन्नाचं वेगळेपण इथे आहे. ते रोज मिळतं, शाळेतच मिळतं, आणि ज्याचं आहे त्याच्याच पोटात जातं.

मग आलं २००१. राजस्थानात दुष्काळ, लोक उपाशी, आणि सरकारी गोदामांत पाच कोटी टनांहून जास्त धान्य पडून. पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टात गेली. २८ नोव्हेंबर २००१ ला कोर्टाने आदेश दिला: प्रत्येक सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेत शिजवलेलं जेवण, रोज किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षातले किमान २०० दिवस. कोरडं धान्य वाटणाऱ्या राज्यांना तीन महिन्यांत निम्म्या जिल्ह्यांत आणि पुढच्या तीन महिन्यांत सगळीकडे सुरू करायला सांगितलं. (डेडलाइन कोणी पाळली असेल असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही फार भोळे आहात.) महाराष्ट्रात २००२ नंतर चुली पेटल्या. त्यातली एक आमच्या शाळेमागे.

कोर्टाचे पुढचे आदेश वाचत वाचत मी २० एप्रिल २००४ वर आलो आणि खुर्चीत सरळ बसलो. त्या आदेशात दोन गोष्टी आहेत. एक, स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या. दुसरी, दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण द्या.

एप्रिलचा आदेश. मे महिन्यातली आमची खिचडी. वीस वर्षं डोक्यात उघडं राहिलेलं तिकीट रविवारी दुपारी बंद झालं. दिल्लीत कोणीतरी एक ओळ लिहिली होती आणि ती सगळे अडथळे पार करून आमच्या ताटलीपर्यंत पोचली होती. भारत सरकारमध्ये असं नेहमी होत नाही, म्हणून जास्तच नवल वाटलं.

सगळं गोडगोड होतं असं मात्र नाही. खिचडीत खडे असायचे, अळ्याही निघायच्या. दलित बाईंनी शिजवलेलं खाणार नाही म्हणून गावंच्या गावं अडून बसल्याच्या बातम्या अनेक राज्यांतून आल्या. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात, धर्मसती गावच्या शाळेत, कीटकनाशक मिसळलेल्या जेवणाने २३ मुलं गेली. आणि शिजवणाऱ्या बायकांचं मानधन केंद्राने २००९ मध्ये ठरवलं ते महिना हजार रुपये, तेही वर्षातले दहाच महिने. गुरुजी तांदळाचा हिशोब लिहीत बसतात ही मित्राची तक्रारही खरी आहे. पण हिशोबाला एक कारकून द्या, असं तो म्हणाला नाही. खिचडीच बंद करा म्हणाला.

खात्याचा प्रश्न तर अजून जिवंत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळेत आठवड्याला एक अंडं किंवा केळं द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा सरकारी निधी थांबवला आणि हवं असेल तर शाळांनी लोकवर्गणीतून बघावं असं सांगितलं. त्यागरायांच्या मद्रासमधला १ एप्रिल, आपल्याकडे शंभर वर्षांनी, जानेवारीत!

आता नफ्याचं बघू. खर्च शिक्षण खात्यात पडतो, मग फायदा कुठे दिसतो? आंध्र प्रदेशात २००३ पासून शिजवलेलं जेवण सुरू झालं. तिथल्या मुलांवरचा एक अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. लहानपणी दुष्काळ सोसलेली मुलं वजन-उंचीत मागे पडली होती, आणि शाळेत जेवायला लागल्यावर त्यांनी ती घट भरून काढली. हे वाचून मला आधी माझंच वजन आठवलं. पण खरा धक्का पुढे आहे. 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात २०२१ मध्ये आलेल्या अभ्यासात संशोधकांनी त्या मुलींचा माग काढला, ज्या लहानपणी शाळेत जेवल्या आणि पुढे आई झाल्या. त्यांच्या मुलांची उंची वयाच्या मानाने जास्त भरली. २००६ ते २०१६ या काळात भारतातल्या लहान मुलांची वयानुसार उंची जेवढी सुधारली, त्यातला १३ ते ३२ टक्के वाटा या जेवणाशी जोडता येतो, असा त्यांचा अंदाज. अर्थात हा सांख्यिकी संबंध आहे, प्रयोगशाळेतला पुरावा नव्हे. कारणंही एकच नाही. त्या मुली जास्त शिकल्या, त्यांना मुलं उशिरा आणि कमी झाली, त्या दवाखान्यात जास्त गेल्या. शिक्षण कुठे संपलं आणि आरोग्य कुठे सुरू झालं, हे त्या आकड्यांतही वेगळं काढता येत नाही.

म्हणजे ताटलीत भात पडतो २००४ मध्ये, शिक्षण खात्यातून. त्याची पावती फाटते वीस वर्षांनी, आरोग्य खात्यात, दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाने. कोणत्याही ऑडिटरला हे दिसायचं कसं? मद्रासच्या त्या इंग्रज अधिकाऱ्यावरचा माझा राग इथे जरासा कमी झाला.

रात्री घरी फोन लावला आणि आईला मे २००४ बद्दल विचारलं. तिला आदेश वगैरे काही माहीत नव्हतं, पण महिना पक्का आठवत होता. म्हणाली, "तू एकटा कुठं जायचास? धाकटीला घेऊन जायचास की." धाकटी तेव्हा चार वर्षांची. शाळेत नाव नाही, हजेरीत नाव नाही. तिची ताटली नव्हती म्हणून आई वाटी द्यायची. "गुरुजी काही बोलायचे नाहीत?" मी विचारलं. "ते तिकडं बघायचेच नाहीत," आई म्हणाली.

धाकटी बारावी झाली, मग नर्सिंगला गेली. आता तिला दीड वर्षाचा मुलगा आहे. मागच्या महिन्यात अंगणवाडीत त्याची उंची मोजली, एक्क्याऐंशी सेंटिमीटर. तिने तक्त्याचा फोटो पाठवला होता आणि मी मीटिंगमध्ये होतो म्हणून नुसता अंगठा दाखवला होता. काल रात्री तो फोटो पुन्हा उघडून नीट बघितला.